उसनी वेणी

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. चिमणीला गोड पापा. तू कशी आहेस हे विचारत नाही. लॉन्ड्रीत आज दिवसभर शेजारच्या टेबलावरून बघितलंय.

फोन उचलत नाहीस, समोर बोललं की हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितेय. पाकीट चिकटवून भावोजींच्या हाती देतेय. चिमणीने कितीही हट्ट केला तरी तिला वाचून दाखवू नकोस.

बाकी इकडे सगळं ठीक. कपाटाचं दार यांनी एकदाचं बसवलं, तेही उलटं. कडी आतल्या बाजूला आली आहे. बघायला ये म्हणणार होते, पण जाऊ दे. तुझा इतका राग आलाय की कपाटाबद्दलही धड लिहवत नाही.

सुपरवायझरने विचारलं, "काय हो, बरं नाही का?" तर म्हणालीस, "ठणठणीत आहे!" कसली डोंबलाची ठणठणीत? इस्त्री डाव्या हाताने ओढत होतीस. बोलता बोलता थांबून कूस दाबत होतीस. एक चादर करपवलीस आणि गुपचूप गठ्ठ्याखाली सरकवलीस. मी म्हटलं घरी जा, तर वेणी पुढे ओढून दाखवलीस. "घातलीये ना वेणी? मग?"

आईची ती परीक्षा! ताप असो, ओकाऱ्या असोत, "हात डोक्यामागे जातात ना? वेणी घाल आणि चालायला लाग." स्वतःलाही तेच आणि आपल्यालाही तेच.

पण मी आंधळी नाही, ताई. तुझी वेणी म्हणजे डोळे ताणले जातील इतकी घट्ट. आजची कानापाशीच सुटत होती आणि टोकाला चिमणीचा हिरवा रबर. काम सुटल्यावर तुझ्या दारात ती भेटली, तर विचारलं. केवढी फुशारली! "मावशी, आता रोज मीच घालते. आईचा हात वर जात नाही ना. पण कुणाला सांगायचं नाही हं."

कुणाला सांगायचं नाही. हे कुणाचे शब्द आहेत, ते तुला सांगायला हवं का? शेवटी शेवटी आईची वेणी कोण घालत होतं? तू. चिमणीएवढीच होतीस. तिच्याही कुशीत अशीच कळ होती, तापही होता, आणि तू घातलेली वेणी मिरवत ती कामावर गेली. तिथून तिला उचलून आणलं, ती पुन्हा उठली नाही.

त्यानंतर माझ्या केसांना तू हात लावला नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही. आज सांगते. आई तुझ्यामुळे गेली नाही, स्वतःच्या हट्टामुळे गेली. तुला हे अजून पटलेलं नाही, आणि तरी तेच ओझं पोरीच्या गळ्यात बांधतेस? लाज कशी वाटत नाही तुला?

मला दुसरी बहीण नाही. भीती वाटते गं, म्हणून ओरडतेय.

उद्या कामावर आलीस तर सुपरवायझरदेखत तुझी वेणी सोडीन आणि म्हणेन, घाल आता परत. नाहीतर घरी थांब. दवाखान्यात न्यायला सकाळी येतेय. चिमणीच्या हाती कंगवा देऊ नकोस. केस मोकळेच ठेव आणि दार उघड.

आईनंतर जिची वेणी तू कधी घातली नाहीस,
ती तुझी धाकटी