प्याला पुढं गेला

आय, तुला जाऊन लई वर्षं झाली. तू असतीस तर म्हनली असतीस, कागद कशाला नासतीस, काय ते तोंडानं बोल. तोंडानं बोलत हुते तवा तू ऐकत न्हवतीस, आन आता ऐकायला तू न्हाईस, तवा कागदच बरा. माझं शिक्षान सातवी. आठवीला तूच शाळेतनं काढलंस आन मिशनच्या पोरींच्या बोर्डिंगात, भटारखान्यात कांदे चिरायला बसवलंस, तर माझ्या अक्षराला नावं ठेवू नको. मुद्द्याचं सांगते. माझी लेक पुन्याला नोकरीला गेली. तिची पोरगी, दुसरीत हाय, ती वर्षभर माझ्याकडं ऱ्हानार हुती. सगळं ठरलं हुतं. आता ती माझ्याकडं न्हाई. का न्हाई, त्ये तुला सांगायचंय, कारन त्यात तुझा हात हाय.

भटारखाना मला अजून दिसतो. दोन मोठ्या चुली, वर धुरानं काळं पडलेलं छप्पर, भिंतीला पिठाची पोती, आन मधी तू, पदर खोचून. सगळ्या बोर्डिंगच्या पोरींचं जेवन तुझ्या हातनं निघायचं. म्हैन्याच्या पयल्या रविवारी चर्चात प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवनीला भाकरीचा तुकडा आन द्राक्षरसाचा बारका प्याला. पाळकसाहेब आदीच सांगायचे, भाकर आन प्याला घ्यायच्या आदी ज्यानं त्यानं आपलं मन तपासावं, कुनाशी वाकडं असंल तर मिटवावं, देवाचे उपकार मानावे. बाकीच्या बाया घरी जाऊन दोन मिनिटं डोळे मिटून बसत असतील. तू न्हाई. तू आदल्या शनिवारी, भांडी झाली की, मला चुलीम्होरं पोत्यावर बसवायचीस. "बस. सांग, म्हैनाभरात देवानं काय दिलं." मी सांगायची. "आता सांग, तू काय नासवलंस." त्ये बी सांगायची. आन जे सांगितलं न्हाई त्ये तुला आदीच ठाऊक असायचं.

एकदा मी म्हनले, मोठ्या बाईंनी मला चपला दिल्या, त्यांचे उपकार. मोठ्या बाई म्हंजे बोर्डिंगच्या मुख्य. चपला नव्या न्हवत्या, पन माझ्या पायाला बसत हुत्या. तू इचारलंस, "कुनाचे उपकार? चपलांचे का देवाचे?" मी घाबरून म्हनले, "चपलांचे." झालं. तू उठलीस, माझ्या पायातल्या काढल्यास आन सकाळी झाडलोट करनाऱ्या बाईच्या पोरीला देऊन टाकल्यास. ती माझ्याच वर्गातली. माझ्याम्होरनं फटाक फटाक वाजवत जायची. मी म्हनले, "आय, पाय भाजत्यात." तर म्हनलीस, "मग सावलीत चाल, आन सावलीचे उपकार मान." तू हासली न्हाईस. तुला खरंच वाटत हुतं, तू मला काहीतरी चांगलं शिकवतीस.

मग कर्जतकडं लगीन करून दिलंस. नवरा कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर गेला, तो तिकडंच दुसरीच्या खोपीत ऱ्हायला. मी लेकीला काखेला मारून परत तुझ्या दारात. तू एक शब्द इचारला न्हाईस. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या हापिसात जाऊन उभी ऱ्हायलीस, "माझ्या पोरीला कामावर घ्या, न्हाईतर मी बी चालले." घेतलं त्यांनी. ही गोष्ट मी इसरले न्हाई. पोर पोत्याच्या झोळीत झोपायची, आन आपन मायलेकी दोन चुलींवर. ती रांगायला लागली तशी मी साडीच्या काठानं तिचा पाय पिठाच्या पोत्याला बांधायची. दुसरं काय करनार, भाकरी थापू का पोर धरू? त्या दिवशी गाठ सुटली. वरनाचं पातेलं उतरवून मी भुईला ठेवलेलं. पोरीचा हात कोपरापातूर आत गेला. मला ओरडायला बी सुचलं न्हाई. तू उचललीस, पान्याच्या टाकीत तिचा हात बुडवलास आन तशीच अनवानी दवाखान्याकडं पळालीस. डाक्टर म्हनला, येळेवर आनली म्हनून बोटं ऱ्हायली. त्ये बी मी इसरले न्हाई. म्हनूनच पुढचं जास्त लागतं.

शनिवार येतो. पोरीचा हात पट्टीत, ती सारखी किरकिरतीय, आन तू म्हनतीस, "बस." मी म्हनते, "आज न्हाई, आय."

"आज तर पयलं. हात भाजला, जीव ऱ्हायला. मान उपकार."

मी पोरीला थोपटत ऱ्हायले.

"मान म्हनते ना."

"न्हाई मानत. तुझ्या देवाला भाजायला माझीच पोर घावली का?"

भांडी आवरून दाराशी बसलेल्या बायांनी माना वळवल्या. तू उठून चुलीतला इस्तव राखंनं झाकलास. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेऊन चर्चात बसलेली. भाकर आली, मग बारक्या प्याल्यांचं ताट आलं. ताट फिरवनारे चर्चाचे पंच माझ्यापशी आले, माझ्याकडं बघितलं न्हाई, आन ताट माझ्या डोक्यावरनं पलीकडच्या बाईला दिलं. मी हात पुढं केला हुता, आय. तो तसाच ऱ्हायला. सगळ्या ओळीनं बघितला. तू सकाळी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन सांगून आलतीस, "माझ्या पोरीचं मन साफ न्हाई, तिला प्याला देऊ नका." पाळकसाहेब भला मानूस, त्यांना वाटलं, सख्खी आय सांगती म्हंजे असंल. घरी येताना तू मला म्हनलीस, "अजून म्हैना हाय. मन साफ कर." त्या दिवसापासनं मी प्याला घेतला न्हाई. पुढं आनला तरी नको म्हनून मान हलवते. तुझ्या मातीला रडले बी न्हाई. बाया एकमेकीला म्हनत हुत्या, बिचारीला धक्का बसलाय. कसला धक्का? डाळ चुलीवर टाकून आलते, ती करपंल ह्याचंच मला पडलं हुतं.

ती पोर आता नर्स हाय. उन्हाळ्यात बी बाही मनगटापातूर घालती. नवऱ्याशी तिचं पटलं न्हाई, म्हनून पोरीला घेऊन केडगावला माझ्याच खोलीत ऱ्हायची. कधी रातपाळी, कधी दिवसपाळी, त्यातनं पोरीची शाळा, पोरीचा डबा. उभ्यानं च्या प्यायची. तरी मोबाईलात कोन्या बाईचं ऐकून तिनं एक खूळ काढलं. म्हैन्याच्या शेवटच्या शनिवारी मायलेकी चटईवर बसनार, मेनबत्ती लावनार, आन म्हैन्यात काय चांगलं झालं त्ये एकमेकीला सांगनार. मी म्हनले, "लाईट हाय की. मेनबत्ती कशापायी?"

"मन शांत होतं, आई."

"मन शांत व्हायला झोप काढ की."

पन त्या बसायच्याच. पोरगी म्हनायची, "मम्मीनं डब्यात शेवया दिल्या, थँक्यू." मम्मी म्हनायची, "तू स्वतःची वेणी घातलीस, मला उशीर झाला नाही, थँक्यू." मग पोरगी म्हनायची, "मी तुझी पिन तोडली आणि लपवली. सॉरी." आन दोघी टाळ्या वाजवायच्या! पिन तोडली, त्याला टाळ्या. मी गॅसपशी भाकरी थापत म्हनले, "आमच्या टायमाला पायातल्या चपला जायच्या." लेक हासली. म्हनली, "म्हणून तर टाळ्या वाजवते."

मग पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला जागा मिळाली. हॉस्टेलात लेकरू घेत न्हाईत. मला म्हनली, "वर्षभर हिला सांभाळशील, आई? खोली मिळाली की नेते." मी म्हनले, "तुला सांभाळली, हिला सांभाळायला काय शिंगं लागत्यात?" ती म्हनली, "शनिवारी तिच्याबरोबर बसत जा. तिला सवय आहे. फक्त माझ्यासारखं बस, आजीसारखं नको." आजी म्हंजे तू. तुझं सगळं तिला भटारखान्यातल्या बायांनी सांगितलेलं. मी म्हनले, "बघू."

ती जायच्या आदीच्या शनिवारी तिची डबल ड्युटी लागली. पोरीनंच चटई टाकली, मेनबत्ती लावली, मांडी घालून बसली. "आजी, मी रोज तू दिलेली सगळी भाजी खाल्ली. थँक्यू." आन सकाळीच मी मोरीमागं शेपूच्या भाजीचा ढीग बघितलेला, मुंग्या लागलेला.

"सगळी खाल्ली?"

"सगळी."

"परत सांग."

"सगळी, आजी." बघत हुती मेनबत्तीकडं. मी मेनबत्ती फुंकून टाकली.

दुसऱ्या दिवशी चर्चात शब्बाथ शाळेची, म्हंजे लेकरांच्या रविवारच्या शाळेची, बक्षिसं हुती. बायबलातली वचनं पाठ केली म्हनून आमच्या पोरीला पयलं बक्षीस, रंगाची पेटी. आठवडाभर तिला दुसरा इषय न्हवता, कुटला रंग आदी वापरायचा ह्येच चाललेलं. मी आदी गेले आन शिकवनाऱ्या बाईंना सांगितलं, "हिला देऊ नका. उपकार मानताना खोटं बोलली ही." त्या म्हनल्या, "अहो मावशी, लेकरू आहे." मी म्हनले, "लेकरू हाय तवरच वळन लागतं." त्या बाईंचा माझ्याम्होरं इलाज चालला न्हाई. दुसऱ्या बक्षिसाचं नाव पयलं पुकारलं. पन पोरगी तोवर उठून पुढं गेलती, नवा फ्रॉक घालून. मधीच उभी ऱ्हायली. पोरं हासली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं सरळ बघत ऱ्हायले, नजर काढली न्हाई. मला वाटत हुतं, मी तिला काहीतरी चांगलं शिकवते.

लेक ड्युटीवरनं थेट बक्षीस बघायला आलती, दारात उभी हुती. पोरीचा हात धरून तिला तिथनं घेऊन गेली. घरी आल्यावर ओरडली न्हाई. ओरडली असती तर मला जमलं असतं, ओरडनाऱ्याला मला उत्तर देता येतं. तिनं बॅग काढली आन पोरीचे कपडे भरायला लागली.

"शेपू फेकून दिला तिनं," मी म्हनले.

"मी पण फेकायचे. तुला कळलं नाही कधी."

"खोटं बोलली."

"घाबरून बोलली. कोणाला घाबरून, सांग."

"वळन नको लागाया?"

"तुला लागलं ना चांगलं." मग तिनं बाही वर सरकवली. मला तो हात बघवत न्हाई, तिला त्ये ठाऊक हाय. "हा भाजला तेव्हा तू उपकार मानले नाहीस, म्हणून तुझ्यापुढून प्याला गेला. ही गोष्ट मी मैत्रिणींना सांगते, आई. सगळं चर्च बघत होतं तरी माझी आई माझ्या बाजूनं बसून राहिली. आज माझ्या पोरीच्या बाजूनं कोण होतं?"

पोरगी खाटंवर बसून पायातले बूट काढत हुती. मी तिच्याम्होरंच म्हनले, "न्या तर न्या. माझं काय अडलंय. रोजची एक बादली पानी वाचंल." पोरीनं काढलेला बूट परत पायात घातला.

तिकडं दोघी-तिघी नर्सांनी मिळून एक खोली घेतलीय. जिची सुट्टी असंल ती पोरीला बघती. ना नात्याच्या ना गोत्याच्या, तरी बघत्यात. आन हितं मी दिवसभर मोकळी. तुझा हात हाय म्हनून मी वर लिहिलं. लिहिलं त्ये ऱ्हाऊ दे, खोडत बसत न्हाई. पन त्या बक्षिसाच्या रविवारी चर्चात तू न्हवतीस, मी हुते. आन माफ-बिफ मी तुला केलेलं न्हाई, तसलं मनात आनू नको.

गेल्या शनिवारी सांजच्याला फोन आला. लेक म्हनली, "आई, आम्ही बसलोय. तू पण ऐक." फोन चटईवर मधी ठेवला असंल, पोरीचा आवाज लांबनं येत हुता. नव्या शाळेला थँक्यू, गच्चीवर झोपायला दिलं त्याला थँक्यू, कोन्या मावशीनं केस धुतले तिला थँक्यू. मग म्हनली, "आणि इथं जेवताना माझ्याकडं कोणी बघत बसत नाही, त्याला पण थँक्यू." टाळ्या वाजल्या न्हाईत. लेक घाईनं म्हनली, "बरं, आता आजी सांगेल. आई, सांग ना. काहीही, एकच." मी फोन कानाला लावून बसलेली. "आजी?" पोरगी म्हनली. "आजी, ऐकू येतंय का?" मी श्वास बी हळू घेतला. "रेंज गेली वाटतं," लेक म्हनली. फोन बंद करायचं मातर इसरली. मग ताटं मांडल्याचा आवाज, कुनीतरी पोरीला चिडवलं, ती खिदळली, भात जास्त वाढला म्हनून भांडली. लई येळ चाललं. मी गॅस बंद करायला बी उठले न्हाई.

हा कागद तुला पोचायचा न्हाई, आन लेकीला मी दाखवनार न्हाई. तिला अजून वाटतंय, रेंज गेली हुती. रेंज हुती, आय.