आपोआप सरकणारं शीड

३ नोव्हेंबर
कोकणातल्या एका रिसॉर्टने टाकून दिलेली शिडाची नाव बाबांच्या ट्रकमधून धरणावर उतरली. केबिन आहे, गादी नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. आमच्या बंजारा तांड्यातल्या मुलींना शिडाची नाव चालवायला शिकवणार, धरणावर टुरिझम आणणार. याडीने, म्हणजे आईने, विचारलं, गिऱ्हाईक कोण? हा व्हिजनचा विषय आहे.

बाबांची अट: सतरा तारखेला एकटीने चक्कर मारून याच काठाला परत यायचं. नाही जमलं तर सोमवारपासून दिग्रसला मामांच्या कृषी केंद्रात काउंटरवर.

५ नोव्हेंबर
एकटीला पुढचं शीड जड जातं. नाव वळवली की दर वेळी एका बाजूची दोरी सोडा, दुसरी ओढा. उपाय सापडला. सेल्फ-टॅकिंग जिब, म्हणजे आपोआप बाजू बदलणारं पुढचं शीड! डोलकाठीपुढे आडवा रूळ, रुळावर ट्रॉली, ट्रॉलीला शीड. नाव वळली की ट्रॉली आपोआप पलीकडे सरकते. मी फक्त सुकाणू धरायचं.

८ नोव्हेंबर
दारव्ह्याच्या कलीमभाई वेल्डरने रूळ बसवला. म्हणाले, "मॅडम, हे तं रेल्वे झाली. फाटक कुठी लावू?" नव्या कल्पनांना लोक आधी हसतातच.

११ नोव्हेंबर
ट्रॉली अडते. दोरी ओढली की माझ्याच बाजूला येऊन बसते. व्हिडिओ पाहिला. दोरी ट्रॉलीवरून थेट मागे आणायची नसते. आधी नावेच्या नाकाशी कप्पीतून, मग मागे. हे मला माहीत होतंच. टेस्ट करत होते.

१६ नोव्हेंबर
परफेक्ट. बोट लावलं तरी ट्रॉली सरकते. उद्या सकाळी नावेवरचं सगळं घट्ट आहे ना, ते बघायला बाबांना सांगितलं. त्यांचा जन्म कापसाच्या गाडीवर माल आवळण्यात गेला. काम वाटून देणं हा लीडरशिपचा गुण आहे.

१७ नोव्हेंबर, सकाळी ७
अख्खा तांडा काठावर. मामाही आले. भाषण पाठ आहे. बाबांनी नाव बघितली आहे, पुन्हा तपासणार नाही. टीमवर विश्वास हवा.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
जाताना टाळ्या. मध्यावर नाव वळवली. शीड पलीकडे गेलंच नाही, उलटं फुगलं. नाव अडली आणि तिरकी वाहत समोरच्या काठाच्या चिखलात बसली. पाहते तर ट्रॉली रुळाच्या टोकाला सुतळीने आवळलेली.

बाबा मोटरसायकलवर धरणाला वळसा घालून आले. विचारलं, काहून बांधली? "सरकून राह्यली होती ना बाई! सरकणारा माल मी कधी तसा सोडला का?" मग गाठ ओढून पाहिली आणि खूश झाले. मामांना फोन लावून सांगितलं, नाव अडली पण गाठ ढिली नाही झाली.

दोष माझा नाही. वारा, सुतळी, बाबा.

रात्री
लिहिताना सुचलं. कप्पीतून मागे माझ्यापर्यंत आलेली दोरी नुसती सोडली असती तरी शीड मोकळं होऊन नाव वळली असती.

उद्या सोमवार. दिग्रसची आठची जीप. मामा म्हणाले, डबा घेऊन ये.