रेषेबाहेर पाऊल नाही

डेट्रॉइट,
२७ नोव्हेंबर १९९९

ती. लॉन्झोमामांस रोलंडचा सा. न. वि. वि.

मरीसाचे वडील मिस्टर बॉडेन टर्की कापता कापता सुरी खाली ठेवून टेबलावरून उठले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी त्या घरचा होणारा जावई होतो, निदान माझ्या मनात तरी. त्यानंतर कोणी एक आगाऊ पोरगा.

झालं असं, की परवा थँक्सगिव्हिंगच्या सणाला मरीसाने मला पहिल्यांदाच घरी जेवायला बोलावलं. त्या दिवशी आपल्या डेट्रॉइटचा फुटबॉलचा सामना असतोच, आणि यंदा समोर नेमकं शिकागो. तिचे वडील मूळचे शिकागोचे. शिकागोचा थोर खेळाडू वॉल्टर पेटन वारून महिनाही झालेला नाही, म्हणून त्यांनी टायवरच त्याची चौतीस नंबरची जर्सी चढवली होती. मला ती दिसली होती, मामा. आंधळा नव्हतो, मूर्ख होतो.

आपण सामना जिंकला आणि मला चेव आला. जेवताना ते शांतपणे म्हणाले की चेंडू घेऊन धावणारे पुष्कळ झाले, पण पेटनसारखा रनिंग बॅक पुन्हा होणे नाही. मी म्हटलं, आमच्या डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सला विसरलात की काय? उभ्या जागी चौघांना चकवायचा तो! त्यावर ते हसले आणि म्हणाले की चकवायचा खरा, पण पेटनचाच विक्रम मोडणं हाताशी आलेलं असताना यंदा खेळ टाकून घरी बसला. अर्ध्यावर सोडणाऱ्याला थोर कसं म्हणायचं?

अर्ध्यावर सोडणारा! मी वसंतात कॉलेज सोडलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मरीसा टेबलाखालून माझा पाय तुडवत होती, पण माझं डोकं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. बोलून गेलो, की तुमच्या पेटनला सुपर बोलच्या अंतिम सामन्यात एक टचडाऊन करून गुण तरी मिळवता आले का?

ते उठून आतल्या खोलीत गेले. मरीसाच्या आईने माझ्यासमोरची मॅकरोनीची परात उचलून दुसऱ्या टोकाला नेली. मरीसाने मला दारापर्यंत सोडलं आणि बजावलं की तिला फोन करायचा नाही.

तुम्हीच निवाडा करा. सँडर्सच थोर ना? तुमचं उत्तर त्यांना नेऊन दाखवतो.

लोभ आहेच, तो सगळा तुमच्या क्लीव्हलंडच्या जिम ब्राउनलाच देऊन टाकू नका.

आपला,
रोलंड


क्लीव्हलंड,
१ डिसेंबर १९९९

चि. रोलंड यास लॉन्झोमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या मामीने मोठ्याने वाचलं. मॅकरोनीच्या परातीपाशी आली आणि हसू आवरेना म्हणून तिला पुढे वाचवेना. तिचं म्हणणं, तुला अद्दल घडवायला तेवढं पुरेसं होतं.

थोर कोण म्हणशील तर जिम ब्राउन. विषय संपला. तोही ऐन भरात खेळ सोडून गेला बरं का. पण सिनेमात गेला. सोडण्यात पाप नाही, बाळा. सोडून निघालास कुठे, एवढंच लोक विचारतात. तुझं टायरच्या दुकानातलं काम वाईट नाही, पण कोणी विचारलं की तू फणा काढतोस, म्हणजे तुझ्याकडेच उत्तर नाही. आणि तो गृहस्थ सँडर्सबद्दल बोलत होता. तू मध्ये पडून उगाच स्वतःला आडवं करून घेतलंस.

पेटनबद्दल बोललास ते खरं आहे. पण सुतकातल्या माणसाला मेलेल्याची उणी दाखवायची असतात का रे? तुझी आई हेच शिकवते?

आता कान देऊन ऐक. अंगावर कोणी धावून आलं की चेंडू घेऊन पळणारे बहुतेक जण हळूच मैदानाच्या रेषेबाहेर पाऊल टाकतात. तिथे कोणी पाडत नाही. पेटन ते करत नसे. खांदा पुढे करून धडक घ्यायचा. हे मी क्लीव्हलंडचा असून सांगतोय! आणि तू? रेषेबाहेर उभा राहून मला पत्रं लिहितोयस.

आमचा तर अख्खा संघच शहर सोडून गेला होता. यंदा पुन्हा उभा राहिलाय, आणि बहुतेक रविवारी हरतो. तरी मी दर खेपेला जाऊन बसतो. परत येणाऱ्याला लोक माफ करतात, पोरा. आधी ये तर खरा.

ताईला सांग, तिच्या हातच्या मक्याच्या पावाची आठवण काढतोय.

तुझा,
लॉन्झोमामा


डेट्रॉइट,
४ डिसेंबर १९९९

ती. लॉन्झोमामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमचा भयंकर राग आला. मग फोन उचलला. मरीसाला करायचा नाही असं ठरलंय, म्हणून थेट तिच्या वडिलांना केला. म्हटलं, त्या दिवशी तुमच्या दुःखाच्या घरात बसून मी वाईट बोललो, माफ करा. ते म्हणाले की आज दुपारी जेवायला ये, पण आता पुढे काय करणार आहेस, याचं उत्तर घेऊन ये. सँडर्सचं उत्तर नको.

उत्तर आहे. जानेवारीपासून संध्याकाळी इंजिनदुरुस्तीच्या वर्गाला जाणार, दिवसा दुकान. नुसती चाकं बदलण्यात जन्म घालवायचा नाही. हे मी दुकानाच्या मालकालाही सांगून बसलोय, आता माघार नाही. मिस्टर बॉडेनना पटेल की नाही, देव जाणे. मरीसाने बहिणीकरवी निरोप धाडलाय की डेट्रॉइटची निळी जर्सी घालून आलो तर ती स्वतः मला पायऱ्यांवरून ढकलेल. ढकलणार म्हणजे दाराशी येणार, नाही का?

थोर मात्र सँडर्सच. हे मी मिस्टर बॉडेनना सांगणार आहेच; फक्त जेवण पोटात गेल्यावर.

माया अशीच राहू द्या, टोमणे थोडे कमी चालतील.

आपला,
रोलंड

ता. क. आईने बॉडेनकडे न्यायला मक्याच्या पावाचा डबा बांधून दिलाय आणि दोन्ही हातांनी धर म्हणून बजावतेय. मी तो बगलेत घट्ट दाबलाय, धावणारे चेंडू दाबतात तसा. हे पत्र वाटेत टपालपेटीत टाकतो. एक हात मोकळा आहे, तेवढ्याने दार ओढून घेतो.