उरलेले व्हॉइस मेसेज

बाय सेरेना,

मी बरा आहे, दोन वेळचं जेवण मिळतंय, हे आधी सांगतो. आपल्या मम्मीचा गुडघा कसा आहे?

इथे हिमाचलात, स्पितीत रस्त्यावर दरड आलीय. केबल तुटल्यामुळे टॉवर बंद पडलाय आणि माझ्या फोनचा नुसता टॉर्च झालाय. एक ड्रायव्हर दरड चालत ओलांडून खाली जातोय, त्याच्याकडे हे पत्र देतो.

पहाडात नेट मिळणार नाही आणि मम्मी घाबरेल, म्हणून निघण्याआधी माजिवड्याच्या घरी, बाथरूमचं दार लावून मी तुझ्या फोनवर मेसेज रेकॉर्ड करून ठेवलेले. संध्याकाळची रोझरी झाली की तू रोज एक तिला ऐकवतेस, आजच आलाय म्हणून. ‘मम्मी, जेवलो गं, आता झोपतो.’ तेव्हा आपण दोघं किती हसलेलो.

आमचा ग्रुप राहत होता, त्याच्या बाजूचं घर काल दरडीत गेलं. हे तिला सांगू नकोस. आता आम्ही सगळे शाळेत झोपतो. वरून दगड घरंगळला की सगळे छताकडे बघतात. मी मात्र मम्मीचा विचार करतो. माझं इथे काही झालं, तरी तिकडे मी रोज जेवत राहीन.

म्हणून ते मेसेज बंद कर. खरं सांग, नेट नाही म्हणून. रडली तर रडू दे.

शेवटचा तर अजिबात लावू नकोस. त्यात मी म्हटलंय, ‘मम्मी, दार उघड, मी आलोय.’ ते मला दारात उभं राहून म्हणायचंय.

तुझा,
मेलरॉय