पायरीखाली काहीही नाही

२ ऑक्टोबर, सोमवार
केवलशुभ सभेच्या वाचनालयाच्या किल्ल्या आजपासून माझ्याकडे. पंधरा तारखेच्या रविवारी तिथल्या सभेतलं वाचनही माझंच. विषय : वाईट असं काही नसतंच, असतो तो आपला चुकीचा समज. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली सकाळची पाळी संपवून आई ऐकायला येणार. पहिल्यांदाच. म्हणाली, तुमची शिकवण मला कळत नाही डेल्फीन, पण कॉलेजात घालवलेल्या चार वर्षांचं काय झालं ते तरी बघते. आता तिची खात्री पटवायचीच.

४ ऑक्टोबर, बुधवार
वाचनालयाच्या पुढच्या दाराच्या पायरीखाली स्कंक, तो दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा प्राणी, राहायला आला आहे. दुरुस्ती : आल्याचा समज झाला आहे. आमच्या प्रमुख थॉर्नडाइकबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, नाव घेतलं की त्याला बळ मिळतं. तू पदवीधर ना, मग विचारानेच निस्तर. केवढा विश्वास माझ्यावर.
निश्चय : रोज वीस मिनिटं पायरीसमोर बसून तो नाही हे जाणणं.

६ ऑक्टोबर
जाणलं. बारा फुटांवरून. (गवत ओलं होतं.)

९ ऑक्टोबर, सोमवार
पोस्टमन गसच्या विजारीवर फवारा उडाला. म्हणजे गसला तसं वाटलं. म्हणाला, बाई, एक पाटी तरी लावा. मी समजावलं की पाटी म्हणजे वाइटाला पत्ता देणं. तो म्हणाला, पत्ता आहे त्याच्याकडे. तुमची पत्रं आता कोपऱ्यावरच्या बेकरीतून न्या.

११ ऑक्टोबर, बुधवार
अनुभवकथनाची संध्याकाळ. उठून सांगितलं, एका अडचणीवर मात झाली आहे. कोणती, ते सांगायचं नसतं. फार सखोल नियम. सगळ्यांनी माना डोलावल्या. आले मात्र सगळे मागच्या दाराने.

१४ ऑक्टोबर, शनिवार
आईला मागून ये म्हणावं का? ती कारण विचारणार. शिवाय जिथे जिथे तिने काम केलं, तिथे तिला मागच्याच दाराने जावं लागलं. इथे तरी पुढून येऊ दे.
नाही सांगितलं.

१५ ऑक्टोबर, दुपारी २
तिसरं वाक्य वाचत होते. दार उघडलं. आधी वास आला, मग आई. अंगात लग्नकार्याचा राखाडी कोट. नऊच्या नऊ खिडक्या उघडल्या. थॉर्नडाइकबाई म्हणाल्या, आपल्या मेन राज्यातली ऑक्टोबरची हवा प्रकृतीला उत्तम. आई शेवटच्या रांगेत एकटीच बसली. मी शेवटपर्यंत वाचलं. ‘वाईट कुठेच नसतं’ म्हटलं, तेव्हा लोकांनी नाकावरचे रुमाल न काढता संमती दर्शवली.
एकंदरीत यशस्वी.

१६ ऑक्टोबर, दुपारी ४
आईने विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हणाले, माहीत असण्यासारखं काही नव्हतंच. तिने फावडं उचललं. मग म्हणाली, वाचलंस छान, एकदाही अडखळली नाहीस. आणि वास मातीत जिरावा म्हणून कोट पुरायला अंगणात गेली.
खिडकीतून दिसते आहे. जमीन कडक आहे. मदतीला जायला हवं. पण गेले तर पुन्हा तेच विचारेल.

५ वाजता
गेले. सगळं सांगितलं, नाव घेऊन. आई म्हणाली, फावडं धर.