काचवाल्याचे एकतीस व्हिडिओ

७ फेब्रुवारी, मंगळवार

फोडला एकदाचा फोन! फरशीवर आपटला, वरून टाच दिली. ती कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. रडली असती तर मी थांबलो असतो. रडत नाही, हेच डोक्यात जातं.

झालं असं. दुपारी दुकानात एक बाई आरसा न्यायला आली. म्हणते, "दाताच्या दवाखान्यात काउंटरवर असतात त्या तुमच्याच मिसेस ना? अहो, किती भाषा बोलतात! मी त्यांचे सगळे व्हिडिओ बघते." आणि मोबाइल काढून दाखवला. माझी बायको! आमच्याच बेडरूममध्ये, आमच्याच कपाटासमोर बसून कुठल्यातरी परक्या भाषेत घडाघडा बोलतेय, हसतेय. माझ्यासमोर मूग गिळून बसणारी बाई! खाली आकडा – अकरा हजार लोकांनी बघितलंय.

घरी येऊन विचारलं. "भाषा शिकणाऱ्यांचा गट आहे. सगळेच टाकतात." सगळे म्हणजे कोण? "जगभरातले लोक." काय बोलतेस त्यांच्याशी? "रोजचंच." रोजचंच म्हणजे काय? तिने पाठ फिरवली. एक ठेवून दिली. मग फोन.

८ फेब्रुवारी, बुधवार

डावा गाल सुजलाय. दवाखान्यात सांगेल, दाढ दुखतेय म्हणून. दातांच्याच दवाखान्यात! मला हसूच आलं.

संध्याकाळी नवा फोन आणून दिला. मी काही राक्षस नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत तिचे व्हिडिओ बघत बसलो. दोनशेच्या वर आहेत. पाच भाषा! चार निदान कुठेतरी कानावरून गेलेल्या. पाचवी कुठल्याशा बर्फाळ मुलखातली – एक शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, पत्ता लागत नाही. आणि बया सगळ्यात जास्त बोलते ती त्याच भाषेत. मुद्दाम! मोबाइलमधल्या भाषांतराला विचारलं, तर ते सांगतं – "लोणी जिन्यावर नाराज आहे." बिनडोक यंत्र.

एका व्हिडिओत ती बोलता बोलता मनगट चोळते. ते मी पिरगळलं होतं, त्याच आठवड्यातला व्हिडिओ. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेत. लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा प्रत्येक व्हिडिओखाली हातभर लिहितो. हा टोपीवाला कोण? माझ्याबद्दल काय सांगते ती याला?

मास्तर समोर काच कापत होते. आमचे जुने कारागीर, वडिलांच्या वेळेपासूनचे. म्हणाले, "मालक, आधी जेवा. डबा गार झाला." मी डबा भिरकावला. त्यांच्या अंगावर नाही. बाजूला.

५ मार्च, रविवार

जेवताना छोटी आईला त्या बर्फाच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आठ वर्षांची माझी पोरगी! आईने त्याच भाषेत उत्तर दिलं. दोघी हसल्या. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, मला वगळून!

ताट उलथलं. तिला केसाला धरून बेसिनपर्यंत नेलं. नळाला कपाळ लागलं. लागलं म्हणजे मी लावलं. म्हटलं, "पुन्हा या घरात ती भाषा ऐकली तर जीभ हासडून हातात देईन." छोटी टेबलाखाली होती. तिथूनच म्हणाली, "सॉरी, बाबा."

मला मारायचं नव्हतं. तिने वेळ आणली.

६ मार्च, सोमवार

ठरलं. ती भाषा मी शिकणार. काय बोलते ते माझ्या कानांनी ऐकणार. मग बघतो एकेकाला!

२३ मार्च, गुरुवार

गटात शिरलो. नाव घेतलं 'काचवाला'. नियम काय तर – व्हिडिओ एका दमात करायचा. सुरुवातीला टाळी वाजवायची आणि तिथपासून शेवटपर्यंत सलग, मध्ये कापाकापी नाही. पुस्तकातली वाक्यं चालत नाहीत, आपल्या आयुष्यातलं खरं तेच सांगायचं. कितीही चुकला तरी व्हिडिओ काढून टाकता येत नाही. चुका दिसल्या पाहिजेत, म्हणे!

चेहराही दाखवावा लागतो. मी लिहिलं, मला लाज वाटते. टोपीवाला गटाचा प्रमुख निघाला. त्याने सोप्या इंग्रजीत उत्तर दिलं, "मग हात दाखव. काम करता करता बोल." नवशिक्यांचा वर्ग वेगळा असतो. ती तिकडे फिरकत नाही, मी नीट बघून घेतलंय.

१४ एप्रिल, शुक्रवार

पहिला व्हिडिओ टाकला. फोन फळीला टेकवून ठेवला, टाळी वाजवली, काच पसरली. काच कापायच्या हिऱ्याला रॉकेल लावलं, पट्टी धरली आणि एक रेघ. रेघ एकदाच मारायची असते, दुसऱ्यांदा फिरवली की हिराही गेला नि काचही. मग कडेला घेऊन अंगठ्यांनी दाब – टक्! बोलत होतो – ही काच. हा हिरा. हे माझे हात. मी काच कापतो. एवढंच.

मास्तर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "कोणाशी बोलताय, मालक?" म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा."

दुपारपर्यंत साठ लोकांनी लिहिलं. "किती स्थिर हात!" "उद्या पुन्हा दाखवा!" एकाने तर लिहिलं, तुमचा आवाज शांत आहे. माझा! मला आयुष्यात कोणी शाबास म्हटलेलं नाही. बापाने पट्ट्याशिवाय काही दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

२ मे, मंगळवार

कळायला लागलंय! सगळं नाही, पण तिचं अर्धंअधिक कळतं. सावकाश बोलते ती. दहा व्हिडिओ ऐकले. दवाखाना आहे, डॉक्टरांच्या बोटाला चावलेला पेशंट आहे, छोटीची शाळा आहे, खिडकीतलं कबूतर आहे. मी नाही! एका शब्दात नाही. शिव्या दिल्या असत्या तर चालल्या असत्या. कबुतराला जागा आहे आणि मला नाही!

घरी जाऊन कबूतर हाकललं. घरट्यात दोन अंडी होती. खाली टाकली. छोटी खिडकीतून वाकून बघत होती, तिला मागे ओढलं. पडली असती.

४ जून, रविवार

स्वप्नात त्या भाषेत कोणाला तरी "थांब" म्हणालो. जाग आली तेव्हा मूठ वळलेली.

१६ जुलै, रविवार

कपाटात खाली, चादरींच्या मागे पिशवी सापडली. छोटीचे शाळेचे दाखले, दोन फ्रॉक, दोघींचे टूथब्रश. म्हणजे निघायची तयारी!

पिशवी तिच्यासमोर उपडी केली. म्हणाली, "जाऊ दे आम्हाला." इतकंच. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. मी लाथ घातली. ती खाली बसली, मी आणखी एक घातली. बरगडी असावी. श्वास घेताना बारीक आवाज येत होता. मग गळा धरून सांगितलं, "दाराबाहेर पाऊल टाकलंस तर जीव घेईन. आधी तुझा, मग माझा." हे आपल्या भाषेत सांगितलं, नीट कळेल असं.

छोटी बाथरूममध्ये होती. नळ सोडून ठेवला होता तिने, पूर्ण.

ती गेली तर मी काय करू? हे कोणाला विचारायचं?

१७ जुलै, सोमवार

दुकानात सतरावा व्हिडिओ केला. विषय – माझी सकाळ. टोपीवाल्याने लिहिलं, "फार छान. घरी कोण कोण असतं, तेही सांग." सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

तीस व्हिडिओ पूर्ण. टोपीवाला म्हणतो, आता नवशिक्यांच्या वर्गातून बाहेर ये. चारशे लोकांनी अभिनंदन केलं. घरी सांगता येत नाही. दिवसभर उगाच तिच्याशी गोड वागलो. ती दचकत होती. गोड वागलं तरी दचकते! मग गेला ना मूड. हातातला ग्लास फेकला.

२६ ऑगस्ट, शनिवार

आज तिचा सगळ्यात पहिला व्हिडिओ ऐकला. त्या भाषेतला पहिला, दोन वर्षांपूर्वीचा. नियमाप्रमाणे घराबद्दल बोलायचं होतं. सोपी वाक्यं, लहान मुलाला कळतील अशी. "मी दवाखान्यात काम करते. मला एक मुलगी आहे. मला नवरा नाही. तो मागच्या वर्षी मेला."

अकरा वेळा ऐकलं. मागे खुर्चीच्या पाठीवर माझा शर्ट दिसतोय! खाली शंभर जणांनी सांत्वन केलंय. टोपीवाल्याने तर तिला घरात मेणबत्ती लाव म्हणून लिहिलंय. माझ्यासाठी! मी कमावतोय, खातोय, तिच्या शेजारी झोपतोय आणि जगभरातले लोक माझ्या नावाने रडतायत!

समोर पाच फुटी काच होती. उचलून भिंतीवर घातली. मास्तर आडवे आले, त्यांच्या हाताला लागलं. रक्ताची धार! ते ओरडले नाहीत. रुमाल गुंडाळला नि म्हणाले, "मालक, एक दिवस तुम्ही माणूस माराल." आणि चप्पल घालून निघून गेले.

मेलेला माणूस कोणाला मारतो काय? हे यांना सांगितलंच पाहिजे. फोन फळीला टेकवला. टाळी वाजवली. हात काचांवरून पुढे केले आणि बोललो, एका दमात, कुठेही न अडखळता. मी तिचा नवरा. मी मेलो नाही. हा हात बघा. या हाताने तिचं मनगट पिरगळलं. या हाताने तिचे केस धरले. तिची बरगडी मी मोडली, जुलैमध्ये. तिचा गळा इथे धरला होता, असा. मेलेल्याला हे जमतं का? ती खोटं बोलते. मी आहे. वर तिचं नाव लिहिलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. टाकला!

खरं सांगायचं तर बोलताना काही वाटलंच नाही. आपल्या भाषेत यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडून बाहेर पडलं नसतं. त्या भाषेत नुसते शब्द होते, पाठ केलेले. आणि एकही चुकला नाही, याचा वर आनंद!

घरी गेलो. दाराला कुलूप.

२८ ऑगस्ट, सोमवार

व्हिडिओ निघत नाही. बटणच नाही. टोपीवाल्याला पाच वेळा लिहिलं – काढ, ती मस्करी होती. त्याने एकदाच उत्तर दिलं. "आम्हाला सगळं समजलं."

बाकी कोणी काही लिहीत नाही. तीस व्हिडिओ वाहवा करणारे लोक! एकाचा शब्द नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पोलीस चौकीत चार तास. साहेबांच्या टेबलावर माझी वाक्यं छापलेली. नऊ देशांतून मेल आलेत, प्रत्येकाने स्वतंत्र भाषांतर करून पाठवलंय, वर दुभाष्याचं वेगळं. साहेब म्हणाले, "आमच्याकडे बायका येतात, पुरावा नसतो. तू तर एका दमात सगळं देऊन मोकळा झालास." मी म्हटलं, ते हात माझे कशावरून? मास्तरांनी ओळखलेत. त्यांच्या हाताला पाच टाके आहेत.

आणि तिनेही. तिने म्हणे एप्रिलमध्येच ओळखले होते, पहिल्याच व्हिडिओत! तिनेच टोपीवाल्याला सांगितलं, "त्याला हाकलू नका. शिकू द्या." एवढे महिने हे तिच्या पोटात होतं. मी लाथा घालत होतो तेव्हासुद्धा.

दोघी कुठे आहेत ते मला सांगणार नाहीत. जवळ गेलो तर आत टाकतील. मी घरभर फिरलो. कोणावर ओरडू? कपाटाचं दार लाथेने मोडलं. आत रिकामे हँगर.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

कोर्टाने नेमलेल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत छोटीला दहा मिनिटं बघायला मिळालं. केस कापलेत तिचे. बाई म्हणाल्या, "बाबांशी बोलायचंय का, बाळा?" मान वर न करता म्हणाली, "माझे बाबा वारले." आपल्या भाषेत. "केव्हा गं?" "माझ्या पाचव्या वाढदिवसाला."

त्या दिवशी काय झालं होतं, मला काही केल्या आठवेना. घरी येऊन तीन वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली, ती तारीख उघडली. माझंच अक्षर. 'छोटीचा वाढदिवस. केक आणला. बाकी विशेष काही नाही.'