फॉर्मवर न लिहिलेली अळंबी

नेरूळ, मंगळवार, सायंकाळ

गुरुवारी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे आणि आज रुग्णालयाच्या फॉर्मवर मी असत्य लिहून आलो. ‘अन्य कोणते औषध घेता?’ यापुढे ‘नाही’ असे लिहिले. वस्तुतः महिनाभर सुमती रोज सकाळी फणसाच्या झाडावरची वाळलेली अळंबी सहाणेवर उगाळून मला देते. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, म्हणून. तिच्या आईचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, कोकणातले औषध. मग ‘नाही’ का लिहिले? समोरची तरुण परिचारिका हसेल म्हणून?

सुमतीला हे आत्ताच सांगितले. ती म्हणाली, “माझ्या आईचं औषध घ्यायला चालतं, लिहायला लाज वाटते होय?”

रुग्णालयात फोन करून अळंबीचे सांगितले.

“काका, मशरूमची भाजी खाल्लीत का?” त्याच परिचारिकेने विचारले.

“भाजी नव्हे, औषध.”

ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टरांना विचारून कळवते; तोवर ते घेऊ नका, शस्त्रक्रिया कदाचित पुढे ढकलावी लागेल.

एका ‘नाही’पायी हे सारे. धडधड वाढली आहे. सुमती फोन हातात घेऊन शेजारी बसली आहे. म्हणते, “वाजला की मीच बोलेन. किती नि कसं उगाळते, ते मलाच ठाऊक.”